दुआ लिपासाठी नाशिक ते बीकेसी आणि परत

शुक्रवार, २९ नोव्हेंबर २०२४

आधीच सांगून टाकते, ब्रिटिश पॉप गायिका दुआ लिपाचा नवा अल्बम 'रॅडिकल ऑप्टिमिझम' मला पहिल्या ऐकण्यातच आवडला होता आणि मे महिन्यापासून यावरून घरात, ग्रुपवर, कॉलेज रोडच्या कट्ट्यावर जेवढे वाद झाले त्यात मी एका बाजूला आणि बाकी जवळपास सगळे दुसऱ्या बाजूला. तिच्या मुंबईतल्या, बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) शोची तारीख जाहीर झाली, ऑगस्टच्या शेवटी तिकिटं निघाली, तेव्हा मी कोणाला न विचारता तीन तिकिटं काढली. एक माझं, एक छोट्याचं म्हणजे माझ्या भावाचं, आणि एक जळगावच्या ताईचं. ताई माझी मावसबहीण, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आणि दुआचं वेड आमच्या खानदानात आणलं तेच मुळी तिने. १६ नोव्हेंबर २०१९ला दुआ नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला आली होती, अमेरिकन गायिका केटी पेरीसोबत, तेव्हा ताईला जायचं होतं आणि घरून परवानगी मिळाली नाही. ती गोष्ट ताईच्या मनातून पाच वर्षांत गेलेली नाही.

दुपारी ताई नाशिकरोडला उतरली. खांद्यावर छोटी बॅग आणि हातावर घडी घालून तिचं जॅकेट. हे जॅकेट आधी नीट सांगते कारण पुढे सगळीकडे त्याचीच चर्चा झाली. साधं निळं डेनिम, पाठीवर तिने स्वतः रेशमी दोऱ्याने लाटा भरल्यात आणि लाटांमधून वर आलेला शार्कचा पाठीवरचा पर, म्हणजे अल्बमच्या कव्हरवर दुआ पाण्यात आहे आणि पुढ्यात शार्क आहे ना, तेच. पण खालच्या कडेला तिने पैठणीचा काठ लावलाय, येवल्याच्या जुन्या विरलेल्या पैठणीचा, मावशीच्या लग्नातल्या. पदर कुठेकुठे फाटला होता म्हणून ती साडी कोणी नेसत नव्हतं, ताईने चांगला राहिलेला काठ कापून घेतला. जरीत बारीक मोर आहेत, कॉलरच्या आतसुद्धा एक मोर लपवलाय. जवळून बघितलं तर टाके सरळ नाहीत, एका बाजूला थोडे दाट, एका बाजूला विरळ, कारण अर्धं काम तिने शाळेच्या मधल्या सुट्टीत केलं. मला ते इतकं आवडलं की मी रिक्षात बसल्यावर अख्ख्या रस्त्याने ते मांडीवरच घेऊन बसले.

संध्याकाळी कॉलेज रोडला ग्रुप भेटला. कडक थंडी पडली होती, सगळे टोप्या-मफलर घालून, चहा हातात, आणि विषय तोच, अल्बम. म्हणजे बघा, तिचा आधीचा अल्बम 'फ्यूचर नॉस्टॅल्जिया' आला २७ मार्च २०२०ला. आपल्याकडे २५ तारखेपासून लॉकडाऊन. तो अल्बम आम्ही कुठे ऐकला, गच्चीवर, स्वयंपाकघरात, भांडी घासताना, कानात इयरफोन घालून. बाहेर जायची सोय नव्हती आणि कानात कोणीतरी डिस्को लावून ठेवला होता. एवढं आतपर्यंत गेलेलं काहीतरी असताना त्याच्यानंतर काहीही आलं असतं तरी लोकांनी नाक मुरडलंच असतं असं माझं स्पष्ट मत आहे. ३ मे २०२४ला नवा अल्बम आला, अकरा गाणी, आणि सकाळ व्हायच्या आत ग्रुपवर निकाल लागला होता, "फ्लॅट आहे", "सगळी गाणी सारखी", "एवढी वाट बघायला लावून हे?"

नर्सिंग करणारी आमच्यातली एक मैत्रीण आहे, ती सगळ्यात नाराज. तिचं म्हणणं असं की दुआने आधीपासून ब्रिटपॉपचं, म्हणजे नव्वदीतल्या ब्रिटिश गिटार-पॉपचं नाव घेतलं, मॅसिव्ह अटॅक, प्रायमल स्क्रीम वगैरे ब्रिटिश बँडची नावं घेतली, टेम इम्पालावाला केव्हिन पार्कर सोबत घेतला, मग अल्बममध्ये तो वेडेपणा कुठाय, सगळं एवढं गुळगुळीत का. आणि तिचं पूर्ण चूक आहे असं मी म्हणणार नाही, वातावरण तसं तयार केलं गेलं होतं हे खरंय. पण मी तिला एवढंच म्हटलं की तू परत ऐकताना गाण्याच्या तळाशी ऐक, बास ऐक, ड्रम्स ऐक, ही माणसं एका खोलीत बसून वाजवतायत असं वाटतं की नाही ते सांग. त्यावर ती म्हणाली, "उद्या बघून या, मग बोलू."

भीती एकच होती. ९ नोव्हेंबरचा जकार्ताचा शो आयत्या वेळी रद्द झाला होता, स्टेज सुरक्षित नाही म्हणून. टूरचा आशियातला भाग सिंगापूरहून सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा. तिथल्या पोरींचे रडतानाचे व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी बघितले होते, त्यामुळे घरी येईपर्यंत ताई दर दहा मिनिटांनी फोन उघडून मुंबईची काही बातमी आहे का ते बघत होती. आई म्हणाली, "अगं झोपा आता, पहाटे उठायचंय." कोणी झोपलं नाही.

शनिवार, ३० नोव्हेंबर

पंचवटी एक्सप्रेस. नाशिककराला मुंबई म्हटलं की पंचवटीच. सकाळी नाशिकरोडच्या फलाटावर तोंडातून वाफ निघत होती, आणि शनिवार असूनही पासहोल्डर मंडळी आपापल्या ठरलेल्या जागेवर. विधानसभेचा निकाल लागून आठवडा झाला होता आणि मुख्यमंत्री ठरत नव्हता, त्यामुळे अख्ख्या डब्यात तोच एक विषय. आमच्या समोर एक काका होते, त्यांनी ताईच्या जॅकेटकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हा काठ येवल्याचा ना?" ताई खूश. मग कुठे चाललात, कशाला चाललात, कोण ही बाई, सगळं आलं.

ताईने त्यांना जे सांगितलं ते मला फार आवडलं. तिने अवॉर्ड नाही सांगितले, फॉलोअर्स नाही सांगितले. म्हणाली, "काका, हिचे आईवडील कोसोव्होचे, ही जन्मली लंडनला. अकरा वर्षांची असताना घरचे परत प्रिस्टिनाला गेले, ही पण गेली. पण गाणं करायचं होतं आणि तिथे राहून होणार नाही असं वाटलं म्हणून पंधराव्या वर्षी एकटी लंडनला परत आली." काका म्हणाले, "पंधराव्या वर्षी? एकटी?" आणि मग त्यांच्या मुलीचं सांगायला लागले, ती पुण्याला शिकायला गेली तेव्हा घरात काय काय झालं ते. इगतपुरी येईपर्यंत काकांनी छोट्याच्या फोनवर दोन गाणी ऐकली सुद्धा. नव्या अल्बममधलं 'ट्रेनिंग सीझन' त्यांना आवडलं, म्हणाले ठेका चांगलाय.

छोट्याबद्दल सांगायचं राहिलं. तो ढोलपथकात आहे. नाशिक ढोल काय असतो हे मी लिहायला नको, पण गणपतीच्या आधी महिनाभर रोज रात्री सराव करून ज्याच्या तळहाताला घट्टे पडतात तो माणूस गाणं वेगळं ऐकतो हे मला त्याच्याकडे बघून कळलंय. त्याला शब्दांशी घेणंदेणं नाही. त्याला ठोका कुठे पडतो आणि कुठे मुद्दाम पडत नाही तेवढंच ऐकू येतं. मे महिन्यात त्यानेही अल्बमला नावं ठेवली होती, "दम नाहीये" म्हणाला होता.

ठाण्याला उतरलो, नौपाड्यात मावशीकडे बॅगा टाकल्या, वरणभात खाल्ला आणि दुपारी लोकलने कुर्ला, तिथनं रिक्षाने बीकेसी. एमएमआरडीए ग्राउंडच्या रस्त्याला लागल्यावर सगळे आपलेच लोक दिसायला लागले. चमचमते टॉप, काळे गॉगल, गालाला टिकल्या, आणि एक बाबा होते पन्नाशीचे, पोरीला घेऊन आलेले, पोरीपेक्षा त्यांनाच जास्त गाणी पाठ होती. रांग लांब होती, ऊन होतं, नाशिकच्या थंडीतून उठून तिथे घाम गाळत उभं राहायचं म्हणजे शरीराला कळेनाच. पण रांगेतच ताईच्या जॅकेटचे फोटो सुरू झाले. इंफाळच्या दोघी होत्या, दिल्लीचा एक ग्रुप होता, सगळ्यांना त्या काठाला हात लावून बघायचं होतं. ताई प्रत्येकाला येवलं कुठे आहे ते सांगत होती, "नाशिक जिल्ह्यात, नाशिकपासून दोन तास." शाळेत शिकवायची सवय, नकाशा काढायचीच बाकी होती.

हा शो झोमॅटोच्या फीडिंग इंडियाचा, म्हणजे पोरांच्या उपासमारीविरुद्धच्या कामासाठीचा. मोठ्या पडद्यावर त्याबद्दल दाखवत होते तेव्हा आजूबाजूला बरेच जण फोनमध्ये होते, पण ताई नीट बघत होती. तिच्या वर्गात शाळेतल्या खिचडीसाठी येणारी पोरं आहेत, हे तिने मला आधी बऱ्याच वेळा सांगितलंय. आपल्याच जिल्ह्यात पेठ, सुरगाण्याकडे कुपोषणाचा प्रश्न आहे आणि आपण तो वर्तमानपत्रात वाचून पान उलटतो. एवढे पैसे तिकिटाला घातले त्यातलं थोडं तरी तिकडे जावं असं मनापासून वाटलं.

आधी तलविंदर, जोनिता गांधी हे आपल्याकडचे गायक गाऊन झाले. जोनिताचा आवाज मोकळ्या मैदानात इतका स्वच्छ येत होता की छोट्या म्हणाला, साऊंड चांगलाय, आता बघ.

आणि मग दुआ आली. सुरुवात 'ट्रेनिंग सीझन'ने. मला वाटलं होतं मी ओरडेन, पण पहिलं अर्धं गाणं मी नुसती उभी होते. ताईने माझा दंड एवढा घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी बोटांचे वळ होते. समोर खरा ड्रमसेट, खरा बास, खरी माणसं वाजवणारी, आणि मे महिन्यात आम्ही सहा इंचाच्या फोनवर जे ऐकून निकाल दिला होता ते गाणं छातीत वाजत होतं. 'इल्युजन'ला तर सगळं मैदान एका लयीत उड्या मारत होतं, धूळ उडत होती, आणि कोणाला फरक पडत नव्हता.

छोट्या आमच्यापासून जरा पुढे, कडेच्या लोखंडी बॅरिकेडला चिकटलेला. 'हुडिनी'ला मी त्याच्याकडे सरकले तर तो नाचत नव्हता. त्याने तळहात सपाट बॅरिकेडवर ठेवला होता आणि डोळे मिटले होते. माझाही हात ओढून त्याने तिथे ठेवला. लोखंड थरथरत होतं. बासचा प्रत्येक सूर हाताला वेगळा लागत होता, एक लांब, दोन तुटक, मध्ये रिकामी जागा, आणि त्या रिकाम्या जागेत ड्रमचा ठोका. कानात ओरडून म्हणाला, "दीदी, हे इयरफोनमध्ये येणारच नाही! हे मैदानासाठीच बनवलंय!" घट्टे पडलेल्या हाताने त्याला जे समजलं ते मी ग्रुपवर सहा महिने शब्दांत मांडायचा प्रयत्न करत होते. माझं म्हणणं एवढंच आहे की जुना अल्बम एकट्याने ऐकायचा होता आणि हा गर्दीत ऐकायचा आहे, आणि मे महिन्यात आपल्याकडे गर्दी नव्हती.

आता मॅशअप. जुन्या अल्बममधलं 'लेविटेटिंग' सुरू झालं तेव्हाच सगळ्यांच्या मनात होतं की करेल का, करेल का, कारण 'लेविटेटिंग' आणि शाहरुखच्या 'बादशाह' सिनेमातलं 'वो लड़की जो' जोडलेलं गाणं आपल्याकडे रील्सवर किती फिरलं होतं. आणि तिने ते लावलं! लंडनहून आलेली बाई बीकेसीत १९९९च्या हिंदी गाण्यावर नाचतेय आणि अख्खं मैदान, मराठी, गुजराती, मणिपुरी, कोण कुठलं, एकाच आवाजात ते हिंदी गातंय. मागून कोणीतरी "शाहरुख! शाहरुख!" ओरडत होतं. ताई रडत होती, हसत होती, दोन्ही एकदम. मला सगळ्यात भारी हे वाटलं की दुआने आपलं काहीतरी बघितलं होतं, पोरांनी घरी बसून केलेला खेळ तिच्यापर्यंत पोचला होता आणि तिने तो परत आपल्याला वाजवून दाखवला.

यावर एक गोष्ट बोलायलाच पाहिजे. पुढच्या एक-दोन दिवसांत सगळीकडे शाहरुखचंच नाव होतं आणि मूळ गायक अभिजीत यांच्या घरून जाहीर नाराजी आली की गाणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही. ते शंभर टक्के बरोबर आहे. आवाज अभिजीत यांचा, संगीत अनू मलिक यांचं, शब्द जावेद अख्तर यांचे. आपण दुआच्या बाबतीत निर्माता कोण, बास कोणी वाजवला, सहगीतकार कोण हे सगळं पाठ करतो, मग आपल्याच गाण्याला एवढं तरी करायला हवं. आमच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकताना मी तिन्ही नावं लिहून टाकली.

शो संपल्यावर बाहेर पडायलाच खूप वेळ गेला. रिक्षा एकही थांबेना, मग सरळ चालत कुर्ला स्टेशन गाठलं, आमच्यासारखेच शेकडो लोक चालत होते आणि 'न्यू रूल्स' गात होते. ताईचे बूट चावत होते, तिने ते काढून हातात घेतले आणि मोज्यांवर चालली. ठाण्याला पोचलो तेव्हा मावशी जागी होती. खिचडी गरम करून दिली आणि म्हणाली, "आता सांगा, एवढं काय होतं तिथे?" आम्ही तिघंही एकदम बोलायला लागलो.

रविवार, १ डिसेंबर

सकाळी खोपटहून एसटी. रस्त्याचं काय सांगायचं, भिवंडीच्या पुढे जे व्हायचं ते झालं, तासभर गाडी हललीच नाही. कसारा घाट चढून वर आलो तेव्हा एकदम गार वारा आला आणि नाशिक जिल्हा लागला हे डोळे मिटूनही कळलं. इगतपुरी-घोटीकडे भाताची कापणी झालेली, शेतात रचून ठेवलेल्या उडव्या, मागे कळसूबाईची रांग.

ताई खिडकीत बसून अल्बम क्रमाने ऐकत होती, 'एंड ऑफ ॲन एरा'पासून. एक इयरफोन तिच्या कानात, एक माझ्या. तिचं लग्न ठरून मोडलं होतं दोन वर्षांपूर्वी, आणि तो मुलगा आता जळगावातच संसार करतोय, बाजारात समोर येतो कधीकधी. हे सगळं आम्ही घरात बोलत नाही. शेवटचं गाणं 'हॅपी फॉर यू' लागलं. त्यात दुआ आपल्या जुन्या माणसाला नव्या मुलीबरोबर बघते आणि तिला वाईट वाटत नाही, उलट बरं वाटतं, एवढंच आहे. ताईने ते संपल्यावर परत लावलं. मग म्हणाली, "मे मध्ये मला हे खोटं वाटलं होतं गं. असं कोणाला वाटतं का, असं वाटलेलं. आता मागच्या महिन्यात तो दिसला, बायको होती सोबत, तिच्या कडेवर बाळ. मी थांबले, बोलले. बाळाला हात लावला. घरी येऊन रडू आलं नाही." मी काही बोलले नाही, तिला बोलायचं होतं तेवढं ती बोलली. घोटीला चहाला गाडी थांबली तेव्हा तिने दोन वडे मागवले.

लोक म्हणतात या अल्बममध्ये दुःख कमी आहे म्हणून तो हलका आहे. मला उलट वाटतं. पहिल्या गाण्यात नवं प्रेम, मध्ये 'दीज वॉल्स'मध्ये भिंतींनाही कळलंय की हे संपलंय, 'मारिया'मध्ये प्रियकराच्या आधीच्या मुलीचे आभार, आणि शेवटी हे. कोणालाही शिव्या न घालता अख्खा अल्बम ब्रेकअपबद्दल करणं सोपं नाहीये. रागाची गाणी चटकन चढतात, ही हळूहळू चढतात.

दुपारी महामार्ग स्टँडला उतरलो तर ग्रुप थेट मिसळीला बोलावत होता. रविवार आणि नाशिक, दुसरं काय. पापड, तर्री, वर बारीक कांदा, आणि प्रश्नांचा भडिमार. नर्सिंगवाली मैत्रीण ड्यूटी संपवून तशीच आलेली. छोट्याने तिला फोनवरचे व्हिडिओ दाखवलेच नाहीत, म्हणाला यात काही येत नाही, त्यापेक्षा घरचा मोठा स्पीकर उद्या गच्चीवर लावू, तिथे ऐक. तिने मान्य केलं. पण ब्रिटपॉपचा मुद्दा सोडला नाही, आणि सोडूही नये, तिचा तो मुद्दा पक्का आहे.

एक गोष्ट मात्र तिथे सगळ्यांनीच बोलून दाखवली. आपल्या गावात २०२७ला सिंहस्थ आहे, लाखो माणसं येणार, त्यांची राहायची, चालायची, प्यायच्या पाण्याची व्यवस्था हे शहर करतं, आधीही केलीय. गंगापूर धरणाकडे द्राक्षाच्या मळ्यात सुलाफेस्ट २००८पासून कितीतरी वर्षं झाला, बाहेरची बँड मंडळी येऊन वाजवून गेली. म्हणजे नाशिकला जमत नाही असं नाही. मग स्टेडियमच्या मापाचा नको, पण पाच-दहा हजारांचा चांगला साऊंड असलेला शो इथे का होऊ नये? प्रत्येक वेळी पोरींनी घरी सांगायचं की मुंबईला जातो, रात्री उशीर होईल, कोणाकडे राहू, आणि निम्म्या जणींचं तिथेच अडायचं. ताईचं २०१९ला तसंच अडलं होतं. शो इथेच झाला तर कितीतरी पोरी रात्री अकराला घरी असतील.

संध्याकाळी ताईला जळगावच्या गाडीत बसवलं. जॅकेट अंगातच होतं.

ग्रुपमधल्या ज्यांची जानेवारी २०२५ची कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या शोची तिकिटं आहेत, १८, १९ किंवा २१ची, त्यांनी सारखं विचारलं म्हणून इथेच लिहून ठेवते. रस्त्याने जाऊ नका. पंचवटीने ठाण्याला उतरा, तिथनं ट्रान्सहार्बरची लोकल पकडून थेट नेरूळ, डी. वाय. पाटील स्टेडियम तिकडेच आहे. राहायची सोय ठाण्यात किंवा नवी मुंबईत बघा, दादर-बांद्र्याच्या नादी लागू नका. बूट जुने घाला, चावणारे नकोत. आणि जमलं तर कडेच्या बॅरिकेडजवळ उभे राहा, हात त्याच्यावर ठेवायला मिळेल असे.